चौतीस नंबरचा फोटो

फुकट फोटोच्या कुपनावर ठळक अक्षरांत छापलं होतं, एक तर सगळ्या फाइली, नाहीतर एक मोठी प्रिंट. दोन्ही नाही. खाली बारीक अक्षरांत मुदत होती, ती आजचीच. वहिनीनं गेल्या पंधरा दिवसांत ते कुपन इतक्यांदा उघडलं होतं आणि इतक्यांदा घडी करून ठेवलं होतं की मधोमध चीर पडायला आली होती.

वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. पण घरात ती सगळ्यांचीच वहिनी. नणंद म्हणायची, नणंदेचा नवरा म्हणायचा, आणि ऐकून ऐकून सासूच्या तोंडी पण तेच बसलं होतं, "वहिनी, पंखा लाव गं." तिचं खरं नाव फक्त हॉस्पिटलच्या बिल्ल्यावर. तिथं ती एक्स-रे काढते. तिथल्याच सोडतीत हे कुपन तिला लागलं. जन्मात पहिल्यांदा काही लागलं, आणि लागलं ते असलं लचांड.

स्टुडिओची खोली म्हणजे बुटांचं कपाट. पाच माणसं, दोन स्टुलं, एक भलामोठा स्क्रीन, कोपऱ्यात गुंडाळून उभे केलेले रंगीत पडदे. आईंना, म्हणजे सासूला, खुर्ची मिळाली. तीच खुर्ची, जिच्यात बसून मागच्या आठवड्यात त्यांनी फोटो काढून घेतला होता. त्या आत्ता पण तशाच ताठ बसल्या होत्या, जणू कॅमेरा अजून चालू आहे.

थोरला बसलाच नाही. तो भिंतीवरच्या फ्रेमा तपासत होता. तो फ्रेमवाला. बापाचं दुकान चालवतो, आणि कुणाच्याही घरी गेला की आधी भिंतीकडे बघतो, मग माणसांकडे.

"कोपरे बघा कसे मारलेत," तो अंगठा फिरवत म्हणाला. "अख्खा अंगठा जाईल फटीत."

"दादा, आपण फ्रेमा बघायला आलोय का?" धाकटी बहीण करवादली.

"फ्रेमच बघायची असते. फोटो काय, सगळेच काढतात."

जावई हसला. जावई सगळ्यालाच हसतो. धाकटीचा हा नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. रोज दुसऱ्याच्या हातात जीव देऊन शेजारी बसायचं, मग हसायची सवय लागणारच.

"हे बघा काका," फोटोवाली च्युइंगगम या गालातून त्या गालात सरकवत म्हणाली, "बाराला माझं पुढचं गिऱ्हाईक आहे. जुळी बाळं. बाळं थांबत नाहीत. तेवढं फॉर्मवर टिक करा आणि खाली सही. कुपन कुणाच्या नावावर आहे?"

सगळ्यांनी वहिनीकडे बघितलं. वहिनीनं पेन हातात घेतलं. घड्याळात साडेअकरा.

"प्रिंट," थोरला म्हणाला. "विषय संपला. अण्णांची फ्रेम रिकामी टांगलीय."

ही फ्रेम म्हणजे आणखी एक तऱ्हा. लोक आधी फोटो काढतात, मग फ्रेम करतात. या घरात उलटं. अण्णांनी, म्हणजे थोरल्याच्या बापानं, जाण्याआधी, हात थरथरत असताना, सागवानी पट्टी कापून सोळा बाय चोवीस इंचांची फ्रेम केली आणि दुकानात गल्ल्यामागे टांगली. आत काहीच नाही. गिऱ्हाईक विचारायचे, ही विकायची का? अण्णा म्हणायचे, भरायचीय. पाच वर्षं झाली त्यांना जाऊन, फ्रेम अजून भरायचीच होती.

"एक प्रिंट, ती पण दुकानात," धाकटी म्हणाली. "मग आम्ही काय बघायचं? आम्ही राहतो दोन दिवसांच्या रस्त्यावर. फाइली घ्या. ज्याला हवं तो छापून घेईल."

"कोण छापतं? तुझ्या फोनमधे किती फोटो आहेत गं?"

"असतील आठ-नऊ हजार."

"त्यातला एक तुझ्या घरात भिंतीवर दाखव. एक!"

"भिंतीवर कशाला? कुठंही बसून बघता येतात ना. आता कोण भिंती भरत बसतं? कागदाचे दिवस..."

धाकटीनं जीभ चावली. पण व्हायचं ते झालं होतं. 

कागदाचे दिवस गेले. अकरा वर्षांपूर्वी मधल्या भावानं हेच वाक्य दुकानात, गिऱ्हाइकासमोर, अण्णांच्या तोंडावर फेकलं होतं. फ्रेमा बंद करा, कॉम्प्युटर घ्या, लोकांचे फोटो साठवून द्या, नाहीतर या दुकानात उंदीर फिरतील. अण्णा काही बोलले नाहीत. थोरला बोलला, आणि असं बोलला की मधला त्याच पावली निघाला तो परत आलाच नाही. अण्णा गेले तेव्हा पण दारापर्यंत येऊन बाहेरूनच गेला. घरात कुणी त्याचं नाव काढत नाही. आई तेवढ्या कधीमधी झोपेत "भिंगरी" म्हणतात. लहानपणी एका जागी ठरायचा नाही म्हणून पडलेलं नाव.

म्हणजे आता वहिनीनं 'फाइली'वर टिक केली, की मधला खरा ठरला. 'प्रिंट'वर केली, की नवरा खरा. आणि तिला तर हॉस्पिटलमधे फिल्म जाऊन स्क्रीन आला तेव्हा बरंच वाटलं होतं, पण घरी भिंतीवर अण्णांनी मढवलेला तिच्या लग्नाचा फोटो बघितल्याशिवाय ती कामाला निघत नव्हती. मग ती कुणाच्या बाजूची? तिचं तिलाच कळेना.

"आई, तुम्ही सांगा," तिनं पेन पुढं केलं.

"मला कुठं घालता यात?" आई म्हणाल्या. "बसा म्हणाले, बसले. हसा म्हणाले, हसले."

"हसला कुठे आजी?" फोटोवाली म्हणाली. "ते मी नंतर केलं." आणि तिनं टेबलावरून एक कागद उचलला. "हा नमुना काढलाय, लहान आकारात. असाच मोठा येईल. बघा आणि ठरवा."

कागद हातोहात फिरला. झकास होता. खुर्चीत आई, एका बाजूला थोरला आणि वहिनी, दुसऱ्या बाजूला धाकटी आणि जावई. सगळे खेटून. सगळ्यांचे डोळे उघडे. थोरल्याच्या शर्टावर चुरगळी नाही, जावयाच्या डोक्यावर केस जरा जास्तच.

"हे बघ, याला म्हणतात फोटो," थोरला म्हणाला.

"मी एवढा बरा दिसतो?" जावई म्हणाला.

"नाही," धाकटी म्हणाली.

कागद आईंच्या हातात गेला. त्यांनी तो नाकापर्यंत आणला. एकेक चेहऱ्यावर बोट ठेवलं. मग बोट थोरल्याच्या कोपरावर थांबलं.

"थोरल्या, तू इतका जवळ नव्हतास रे."

"असा कसा नव्हतो? बाजूलाच तर होतो."

"तुझा हात मला लागत नव्हता. मला वारा लागत होता त्या बाजूनं."

फोटोवालीनं कॉलर ताठ केली. तिला वाटलं तारीफ चाललीय. "ओळखलं आजींनी! ती कलाकारी माझी. मधे हे एवढं भगदाड होतं, एक माणूस आरामात मावेल असं. तुमचं माप सोळा बाय चोवीस, त्यात काही केल्या बसेना. मग दोन्ही बाजू आत घेतल्या. कुणाला कळत पण नाही."

"मूळ दाखवा," वहिनी म्हणाली.

स्क्रीनवर मूळ फोटो आला. आईंची खुर्ची. मग जागा. मग थोरला. जागेतून मागचा करडा पडदा दिसत होता, वरपासून खालपर्यंत, उभ्या पट्टीसारखा.

पहिली धाकटीच बोलली, आणि बोलताना तिचा आवाज फाटला. "दुकानातल्या जुन्या फोटोत पण असंच उभे आहोत आपण. आईच्या या हाताला भिंगरी, मग दादा. आपण त्याची जागा सोडून उभे राहिलो!"

"कोण सोडतंय त्याला जागा?" थोरल्याचा पारा चढला. "मी? मी सोडेन?"

"मग भूत आलं होतं का?"

"ही असेल," थोरल्यानं वहिनीकडे बोट केलं. "त्या दिवशी दर दोन मिनिटांनी हिचं चाललं होतं, जरा थांबा, जरा थांबा."

 वहिनीनं खरंच थांबवलं होतं. मधल्याला तिनं कळवलं होतं, गुपचूप, अमुक दिवशी, अमुक वेळी, सगळे असतील. त्याचं एका शब्दाचं उत्तर आलं होतं, "बघतो." म्हणून ती त्या दिवशी एक डोळा कॅमेऱ्याकडे आणि एक दाराकडे ठेवून उभी होती. पण जागा? जागा तिनं धरली होती का? तिलाच आठवेना. आपल्याही नकळत नवऱ्याची बाही ओढली असेल का?

"आधीचे सगळे लावा बरं," ती म्हणाली. "ओळीनं."

फोटोवालीनं घड्याळ बघितलं, पण लावले. वहिनी स्टुल ओढून स्क्रीनजवळ बसली. दिवसभर तेच तर काम तिचं. आधीचं चित्र, नंतरचं चित्र, मधे काय हललं.

एकोणतीस नंबर. फोटोवालीनं तेव्हा ओरडून सगळ्यांना चिकटवलं होतं. थोरल्याची बोटं खुर्चीच्या पाठीवर. तीस, तसंच. एकतीसला बोटं सुटली. बत्तीसला चार बोटांचं अंतर. तेहतीसला वहिनी एका पायावर, पडता पडता वाचल्यासारखी. चौतीसला जागा पुरती तयार.

ती पुन्हा एकोणतीसवर गेली. पुन्हा पुढे आली. मग वळून बघितलं.

"अहो, तुम्ही सरकताय."

"काय?"

"मी नाही. तुम्ही. तुम्ही माझ्याकडे सरकताय आणि मी ढकलली जातेय. बघा ना, माझा पाय बघा."

थोरला पुढं आला. आला आणि बघत राहिला. ज्या माणसाला आख्ख्या भिंतीवर एक फ्रेम केसभर वाकडी टांगलेली खुपते, त्याला हे दिसत नव्हतं असं कसं म्हणणार?

"उजेडामुळे वाटत असेल," तो म्हणाला.

"उजेडामुळे माणूस हातभर सरकतो?" धाकटी म्हणाली. आणि मग तिनं जे केलं त्यानं वहिनीच्या डोक्याचा पार भुगा झाला. तिनं टेबलावर हात आपटला. "प्रिंट घ्या! वहिनी, प्रिंटवर टिक कर. हाच, चौतीस नंबर, असाच्या असा. अण्णांच्या फ्रेममधे. येणाऱ्या जाणाऱ्यानं बघितला पाहिजे."

"अजिबात नाही," थोरला म्हणाला. "फाइली घे. पडू दे कुठंतरी फोनमधे. भिंतीवर नको."

"थांबा, थांबा," वहिनी म्हणाली. "आत्ता तुम्ही प्रिंट होता आणि ही फाइल होती."

"आता उलटं," दोघं एका सुरात म्हणाले. आज सकाळपासून पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं.

"माझं काय म्हणणं आहे," जावई म्हणाला, "हा चौतीस नंबर चोवीस इंचात बसवला, तर या टोकाला माझा खांदा कापला जातोय."

"जाऊ दे," धाकटी म्हणाली.

जावई हसला.

बाराला दहा कमी. खाली कुठंतरी बाळ रडायला लागलं, मग त्याच्या सुरात सूर मिसळून दुसरं. वहिनीचं पेन 'फाइली'वरून 'प्रिंट'वर गेलं, तिथून परत आलं. नवरा म्हणेल ते करावं, तर नवरा काय म्हणतोय आणि का म्हणतोय, हेच उमजेना. सतरा वर्षं या माणसाबरोबर काढली. तो रोज रात्री भावाच्या नावानं बोटं मोडतो आणि कॅमेऱ्यासमोर त्याला जागा करून देतो, ते पण स्वतःला पत्ता लागू न देता?

तिला एकच कळलं, ज्याची जागा आहे त्यानं ती बघायला हवी. स्क्रीनखाली पाटी होती, 'स्क्रीनचे फोटो काढू नयेत'. वहिनीनं फोन काढला आणि पाटीसकट फोटो काढला.

"ओ ताई!" फोटोवाली ओरडली.

"चुकले," वहिनी म्हणाली, आणि अंगठ्यानं पाठवून टाकला.

"कुणाला पाठवलास?" थोरल्यानं विचारलं.

वहिनीनं फोन पालथा धरला.

"तुझ्याकडे त्याचा नंबर आहे?"

"आहे."

"कधीपासून?"

"गेला त्या दिवसापासून."

 धाकटी वहिनीकडे अशी बघत होती जणू तिला आज नव्यानं वहिनी मिळाली होती. आई खुर्चीतून जरा पुढं झुकल्या. "बघितलं का त्यानं? कसं कळतं ते?"

"कळतं आई. या दोन खुणा निळ्या झाल्या की."

"झाल्या?"

"झाल्या."

मग सगळ्यांनी त्या एवढ्याशा फोनकडे डोळे लावले. काय लिहील? धाकटी मनातल्या मनात रडायच्या तयारीत होती. थोरला पाठ फिरवून पुन्हा भिंतीवरच्या फ्रेमच्या कोपऱ्यात अंगठा घालत होता, पण मान तिरकी करून. मधला लिहितोय असं फोनवर दिसायचं, थांबायचं, पुन्हा दिसायचं.

आलं. वहिनीनं वाचलं. पुन्हा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं, कारण दुसरं काय करणार?

"वहिनी, दादा सगळा भार उजव्या पायावर टाकून का उभा आहे? काचेचा गुडघा अजून दुखतो का त्याचा?"

जागेबद्दल अक्षर नाही.

"काचेचा गुडघा?" धाकटी म्हणाली. "म्हणजे काय?"

थोरला वळला. चेहऱ्यावरून एखादं झाकण काढावं तसं काहीतरी निघालं होतं.

"काही नाही. लग्नाआधी दुकानाच्या जिन्यावरून मोठी काच चढवत होतो, मी आणि तो. तो खाली होता. काच निसटली. मी गुडघा मधे घातला."

"शिडीवरून पडलास म्हणाला होतास," आई म्हणाल्या. "दोघं म्हणाला होतात."

"काच अण्णांच्या गिऱ्हाइकाची होती. आणि त्याच्या मानेवर आली असती ती. काय सांगणार?"

वहिनी पुन्हा स्क्रीनकडे वळली. आता तिला दिसलं, आणि दिसल्यावर दुसरं काही दिसेना. डावा पाय नुसता टेकवलेला. कंबर उजवीकडे झुकलेली. तीसला कमी, बत्तीसला जास्त, चौतीसला ओठ दाबलेले. रोज वीस-वीस गुडघ्यांचे फोटो काढणारी बाई ती. घरातला गुडघा तिला दिसला नाही. मागं एकदा विचारलं होतं, लंगडताय का? चप्पल चावते म्हणाले, आणि तिनं चप्पल बदलून आणली होती.

"म्हणजे," धाकटी हळूच म्हणाली, आणि तिचं तोंड एवढंसं झालं, "जागा त्याच्यासाठी नव्हतीच? गुडघा दुखला म्हणून तू सरकलास?"

 थोरला चौतीस नंबरकडे बघत राहिला. स्वतःच्याच चेहऱ्याला विचारत असावा. "काय माहीत," तो शेवटी म्हणाला. "खरंच मला माहीत नाही. दुखत होता. पण जवळ उभं राहून पण दुखलाच असता ना."

"गुडघ्यानं झाली असेल नाहीतर आणखी कशानं," आई म्हणाल्या. "झाली ना जागा? मग राहू दे."

फोटोवाली दारात जाऊन बाळांच्या आईला "दोनच मिनिटं" सांगून आली. "काका, ताई, आता टिक करा हो. चौतीस छापायचा तर जावईबापूंचा खांदा जाणार. नाहीतर मी मधलं सरकवते."

"सरकवू नका," थोरला म्हणाला. त्यानं खिशातून टेप काढला. दिवसरात्र त्याच्या खिशात असतो तो, लग्नात पण होता. तो स्क्रीनला लावला, ओठांत काहीतरी पुटपुटला. "सोळा बाय एकतीस छापून द्या. कापायचं नाही काही."

"पण तुमची फ्रेम तर चोवीसची."

"वरच्या आणि खालच्या पट्टीला मधे तुकडा घालावा लागेल. सात-सात इंचांचा."

वहिनीनं त्याच्याकडे बघितलं. अण्णांच्या फ्रेमला करवत लावायची? आणि जोड? हा माणूस गिऱ्हाइकाची अख्खी फ्रेम फुकट पुन्हा करून देतो, पण जोड दिसू देत नाही.

"दिसेल ना जोड," ती म्हणाली.

"दिसेलच. तसलं सागवान आता कुठून आणू?" त्यानं टेप खटकन मिटवला. "टिक कर."

वहिनीनं 'प्रिंट'वर टिक केली. सही करताना क्षणभर थबकली, कारण खरं नाव लिहायचं होतं. मग लिहिलं. धाकटीनं कुरकुर केली नाही, आणि जावयानं आपला खांदा वाचल्याबद्दल फोटोवालीचे दोनदा आभार मानले. नक्की कोण जिंकलं, ते वहिनीला अजून उमगलं नव्हतं. कागद जिंकला म्हणावं, तर मधल्याला तो फोनवर दिसला होता.

जिन्याच्या तोंडाशी दोन्ही बाळं दोन खांद्यांवरून त्यांच्याकडे टकमक बघत होती. धाकटीनं आईंचा हात धरला. थोरला मागं राहिला. कठड्याला धरून त्यानं आधी डावा पाय खाली टाकला, मग उजवा त्याच पायरीवर आणून टेकवला. सतरा वर्षं तो असाच उतरत असणार.

वहिनी एक पायरी खाली थांबली. फोन अजून हातातच होता.

"काय लिहू त्याला?"

 थोरला आणखी एक पायरी उतरला. आणखी एक.

"दुखतो म्हणावं," तो म्हणाला. "चढताना नाही एवढा. उतरताना."